रविवारी दहापर्यंत तोंड बंद

किस्स्यांचं आमच्या घरातल्या माळ्यासारखं आहे. एक डबा काढायला स्टुलावर चढावं, तर सात पिशव्या अंगावर येतात! परवा शाळेत एका नव्या बाईंनी सहज विचारलं, "मॅडम, रविवारी काय करता?" मधली सुट्टी संपली, पुढचा तासही संपला, तरी माझं सांगून होईना.

आधी माझ्याबद्दल सांगते. मी सुरतेत मराठी शाळेत गणित शिकवते. तेवीस वर्षं झाली. परीक्षेच्या वर्गात कोणाच्या बाहीत चिठ्ठी आहे हे मला दारातूनच कळतं. मी संशयी आहे असं घरचे म्हणतात. मी त्याला अनुभव म्हणते.

आणि रविवारचं आमचं मंडळ म्हणजे 'शून्यतळ' बघणाऱ्यांचं. हिंदी मालिका आहे. एका लांबच्या चंद्रावर बर्फाखाली तळ, तळावर अकरा माणसं. त्यातलं एक माणूस माणूसच नाही! बाहेर बर्फात जे काही आहे, त्याने कोणाची तरी हुबेहूब नक्कल करून आत पाठवलीय. कोणाची, हे कोणालाच माहीत नाही. दर शुक्रवारी दुपारी मोबाइलवर नवा भाग येतो आणि दर रविवारी सकाळी दहाला डिंडोलीतल्या आमच्या रो-हाउसच्या वरच्या खोलीत त्याचा कीस पाडला जातो.

आम्ही चौघं. मी. शेजारची धनश्री, इंजिनियरिंगला आहे, अर्धी मराठीत बोलते अर्धी गुजरातीत. कुलकर्णी काका, बँकेतून रिटायर. आणि बोरसे भाऊ, शिरपूरकडचे, कापडाच्या कारखान्यात चेकर. थान, म्हणजे आपला तागा, उलगडायचं, डाग, भोक, तुटलेला धागा शोधायचा, खूण करायची, हे त्यांचं काम. बायको चार वर्षांपूर्वी गेली, मुलगी सासरी नाशिकला, भाऊ इथे एका खोलीत एकटे. आठवडाभर त्यांच्याशी धड चार वाक्यं कुणी बोलत असेल तर ते आम्हीच. "मॅडम, माना तर रविवारच असतो," असं ते एकदा अहिराणीत म्हणाले होते, म्हणजे माझा तर रविवारच. मी तेव्हा हसले होते.

मंडळाचा नियम एकच. भाऊंना शनिवारी पाळी सुटल्यावरच भाग बघता येतो, म्हणून रविवारी दहापर्यंत सगळ्यांनी तोंड बंद ठेवायचं. ग्रुपवर अक्षर टाकायचं नाही. आणि कुठून तरी पुढची गोष्ट आधी मिळवून इथे हुशारी मारायची, हे तर अजिबातच नाही. जो करेल तो बाहेर!

* * *

नियम कागदावरचा नाही हे सांगायला माझ्या सख्ख्या भावाचं उदाहरण पुरेसं आहे. तो आधी मंडळात होता. पहिल्या सीझनला शुक्रवारी दुपारी त्याने ग्रुपवर एक कवटी टाकली. फक्त कवटी! शब्द नाही, काही नाही. पण कवटी म्हणजे कोणीतरी मेलं, आणि त्या भागात मरण्यासारखी दोनच माणसं होती. झालं की नाही वाटोळं?

मी त्याला त्याच मिनिटाला ग्रुपमधून काढलं. संध्याकाळी अमरावतीहून आईचा फोन. "अगं, सख्खा भाऊ आहे तुझा! एका चित्रासाठी घराबाहेर काढलंस?"

मी म्हटलं, "आई, राखीला ये म्हणावं. भाऊबीजेला ये म्हणावं. रविवारी नको."

* * *

आता ही मालिकाच अशी, की बघून बघून माणसाला सगळीकडे नक्कल दिसायला लागते. त्यात कुलकर्णी काकांची तर बत्तीस वर्षं चेकवरच्या सह्या पडताळण्यात गेलेली. एका रविवारी ते भिंग घेऊनच आले.

"सुलभाताई, डॉक्टर इरा नकली आहे. तिसऱ्या भागातल्या रजिस्टरवरची सही बघा आणि सहाव्या भागातली बघा. 'र' चा काना वेगळा आहे!"

आम्ही टीव्ही थांबवला. काका पडद्याला नाक लावून भिंगातून बघत होते. धनश्री म्हणाली, "काका, ती शूटिंगमधली सही आहे. दर वेळी दुसऱ्याच कोणी तरी केली असेल." काका ऐकेनात. तत्त्वाचा प्रश्न आहे म्हणे! मला पण ते पटत चाललं होतं, खोटं कशाला बोलू.

तेवढ्यात कुलकर्णी काकू त्यांना बोलवायला आल्या. प्रकार बघितला आणि शांतपणे म्हणाल्या, "गेल्या महिन्यात पेन्शनच्या फॉर्मवर ह्यांचीच सही जुळली नाही. दोनदा परत पाठवलं. घरी चला आता, नकली!"

* * *

माझ्याकडून तरी काय कमी झालं? मालिकेत नकली माणसाला मोठ्या गोष्टी आठवतात, नाव, गाव, लग्नाची तारीख. पण जुनी किरकोळ भांडणं आठवत नाहीत. भांडण फक्त खऱ्या माणसाला आठवतं.

एका शनिवारी आमचे हे बाजारातून आले आणि न सांगता पिशवी जागेवर ठेवली, भाजी फ्रिजमध्ये लावली. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा! मी दारातच उभी राहिले आणि विचारलं, "आपल्या लग्नात जेवणाच्या पंगतीत भांडण कशावरून झालं होतं?"

ह्यांनी फ्रिजचं दार लावलं. मग म्हणाले, "कुठलं सांगू? तुझ्या मामाचं, तुझ्या काकाचं, की तुझं?"

नवरा खराच होता.

* * *

आता बोरसे भाऊंकडे वळते, कारण खरा घोटाळा तिथे झाला.

भाऊ तसे गप्प. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसायचे, सगळ्यांच्या तोंडाकडे टक लावून बघायचे. बोलले की मात्र खणखणीत, खालच्या मजल्यावर ऐकू जाईल असं. धनश्री गाडीवरून तोंडाला दुपट्टा गुंडाळून यायची आणि तशीच बोलायला लागायची, तर भाऊ म्हणायचे, "पोरी, आधी ते सोड, मग बोल." मला वाटायचं जुन्या वळणाचा माणूस आहे.

एकदा चर्चा रंगलेली असताना ते अचानक म्हणाले, "इंजिनियर थापर खोटा शे."

"का हो?"

त्यांनी स्वतःचा मोबाइल काढला, थापर उभा आहे तो सीन थांबवला आणि बोटांनी मोठा केला. "ह्याचा ड्रेस बघा. ड्रिलचं कापड आहे. त्याच्यावर तिरकी रेघ असते, बारीक. बाकी दहा जणांची रेघ उजवीकडे चढते. ह्याची डावीकडे चढते. आमच्याकडे असं थान आलं तर आम्ही परत पाठवतो!"

आम्ही तिघांनी डोळे फाडून बघितलं. खरंच रेघ होती! खरंच उलटी होती!

धनश्री म्हणाली, "भाऊ, एडिटिंगमध्ये सीन आरशासारखा उलटा केला असेल. चालतंय ते." भाऊ हटेनात. कापड खोटं बोलत नाही, एवढंच त्यांचं म्हणणं.

पुढच्या शुक्रवारचा भाग. त्या सीनमधला थापर नक्कल होता (नंतर तिने दुसऱ्याच कोणाचं तरी रूप घेतलं, म्हणून शोध चालूच), आणि नक्कल कशी बनते तर आरशासारखी, डावं-उजवं बदलून! रविवारी भाऊ आले तेव्हा काकांनी उठून त्यांना स्वतःची खुर्ची दिली. कौतुक मी पण केलं. पण वर्गात नेहमी पस्तीस मिळवणाऱ्याला एकदम शंभर पडले, तर मी आधी त्याच्या शेजारी कोण बसलं होतं ते बघते. सवय आहे, काय करणार!

* * *

मग आला तो काचेचा भाग.

कॅप्टन रणजित काचेच्या दाराच्या पलीकडे, डॉक्टर इरा अलीकडे. कॅप्टन तिला काहीतरी सांगतो, पण मालिकेने आवाजच बंद ठेवला! खाली अक्षरं पण नाहीत. नुसते ओठ हलतात, इरा रडायला लागते, आणि भाग संपतो. सगळीकडे तोच विषय. धनश्रीच्या कॉलेजात दोन गट पडले. काका म्हणाले, त्याने तिला कबुली दिली की तोच नकली आहे. धनश्रीचं मत, त्याने प्रपोज केलं. माझं मत, तो मुद्दाम काहीच बोलला नाही, नुसता तोंड हलवतोय, कारण लिहिणाऱ्यांनाच अजून माहीत नसणार.

भाऊ शांतपणे म्हणाले, "तो म्हणतो, दरवाजा मत खोलना. बाहर जो है, वो मैं नहीं हूँ."

वाक्य असं ठाम सांगितलं, की जसं काही कानाने ऐकलंय.

"तुम्हाला काय माहीत?" मी विचारलं.

भाऊंनी नजर खाली घातली. "असंच. वाटलं मला."

मी चहा आणायला आत गेले आणि ओट्यापाशी उभं राहून पुन्हा विचारलं, "भाऊ, कुठून कळलं ते सांगा ना!" उत्तर नाही. मोठ्यांदा विचारलं. उत्तर नाही! बाहेर येऊन बघते तर हा माणूस आरामात खिडकीबाहेर बघत बसलेला. तोंड चुकवणारी पोरं मी तेवीस वर्षं बघतेय. माझी खात्री झाली, ह्यांना पुढचे भाग कुठून तरी चोरून मिळतात.

आणि पुढच्या शुक्रवारी तोच सीन पुन्हा दाखवला, आवाजासकट. "दरवाजा मत खोलना. बाहर जो है, वो मैं नहीं हूँ." अक्षर न अक्षर तेच!

* * *

त्या रविवारी भाऊ यायच्या आधी आम्ही तिघं अर्धा तास आधीच जमलो.

धनश्रीने मला पुरावा दिला. "काकू, मी काल बसस्टँडवर भाऊंच्या मोबाइलवर बघितलं. एपिसोड चालू होता, पण आवाज झिरो! कानात पण काही नाही. ते बघतच नाहीत. त्यांना सगळं आधीच ठाऊक असतं."

मी आणि काका बोलत बोलत गॅलरीत आलो. गल्लीच्या पलीकडे लोचोच्या, म्हणजे चमच्याने खायच्या मऊ सुरती खमणाच्या, गाडीपाशी भाऊ उभे होते. दर रविवारी सगळ्यांसाठी लोचो तेच आणायचे, कधी चुकले नाहीत. आमच्याकडे तोंड करून उभे होते, पण मध्ये रस्ता, रिक्षांचे हॉर्न, गाडीवर जेमतेम स्वतःचा आवाज ऐकू येईल असा गोंगाट. म्हणून मी मोकळेपणाने म्हटलं, "काका, हा माणूस आपल्यातला नाही. येऊ नका म्हणून सांगून टाकू."

काका म्हणाले, "एकटा आहे हो तो, सुलभाताई."

मी म्हटलं, "एकटा आहे म्हणून त्याचं खोटं खपवून घ्यायचं का?"

दहा मिनिटांनी भाऊ वर आले. लोचोचा पुडा टेबलावर ठेवला, वरची शेव वेगळी बांधून आणलेली. बसले नाहीत. "आज काम हाय जरा," म्हणाले आणि गेले.

काका म्हणाले, "बघा, सुगावा लागला."

मग आम्ही तिघांनी तो लोचो खाल्ला. ते आठवलं की आजही मला लाज वाटते.

* * *

पुढच्या रविवारी भाऊ बरोबर दहाला आले. रिकाम्या हाताने. दारातच उभे राहिले.

"विचारा, मॅडम."

मी विचारलं. सरळच विचारलं, की काचेमागचं वाक्य आधी कसं कळलं, आणि पुढचा भाग कुठून मिळतो.

"मिळत नाही. वाचलं."

"कुठे वाचलं?"

"त्याच्या तोंडावर."

धनश्री हसली. मी हसले नाही. मी म्हटलं, परीक्षा घेते. धनश्रीला गॅलरीत पाठवलं, सरकतं काचेचं दार घट्ट लावलं आणि तिला खुणेने सांगितलं, काहीही बोल. तिने काहीतरी बोलून दाखवलं. आम्हाला एक अक्षर ऐकू आलं नाही.

भाऊ म्हणाले, "ती गुजरातीत बोलते. म्हणते, भाऊ, माझी काही चूक नाही, हे सगळं काकूंनीच सुरू केलं."

धनश्रीचा चेहरा काचेपलीकडे पांढरा पडला!

मग काका गेले बाहेर. बरंच काही बोलले, हातवारे करून. भाऊंनी मान हलवली. "काका, तुमचं नाही येत. मिशा कमी करा."

आणि मग भाऊ खाली बसले आणि पहिल्यांदाच आमच्यासमोर इतकं बोलले. चेकर व्हायच्या आधी अठ्ठावीस वर्षं ते लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवत होते. एका शेडमध्ये शेकडो लूम, सगळे एकदम धडधडणार. तिथे कानाचा उपयोगच नाही. एकानं ह्या टोकाला ओठ हलवायचे, दुसऱ्यानं त्या टोकाला समजून घ्यायचं. चहा आला, मालक आला, धागा तुटला, गावाकडून फोन आला, सगळं तसंच. त्यातच कान गेले. डावा पूर्ण, उजवा थोडा राहिलाय. मालिका ते खालची अक्षरं आणि ओठ वाचून बघतात.

"अहो, मग सांगायचं ना!" काका म्हणाले.

भाऊ म्हणाले, "काका, बहिरा म्हटलं की माणसं बोलणं सोडतात. घरी तेच झालं. मुलगी आता फोन करत नाही, जावयाला सांगते, जावई मला मेसेज करतो. इथे तुम्ही बोलत होते. म्हटलं, हे जायला नको."

मी उठले, काहीतरी करायचं म्हणून चहाकडे निघाले.

मागून भाऊंचा तोच खणखणीत आवाज आला. "एकटा आहे म्हणून त्याचं खोटं खपवून घ्यायचं का?"

मी वळले. ते माझ्याकडेच बघत होते.

"मॅडम, लोचोच्या गाडीवरून तुमची गॅलरी काहीच लांब नाही. आमची शेड त्याच्या दुप्पट होती."

चप्पल घातली आणि गेले.

* * *

दोन रविवार भाऊ आले नाहीत. फोन केला तर तो त्यांना ऐकू येणार नाही हे आता कळलेलं. मेसेजवर दोन निळ्या खुणा यायच्या, उत्तर यायचं नाही. 'शून्यतळ'चा शेवटचा भाग येऊन गेला. आम्ही तिघं बसलो, पण चर्चा काही रंगेना. नकली कोण ते उघड झालं होतं, आणि कोणालाच त्याचं काही वाटत नव्हतं. काकांनी मिशा कापल्या होत्या. त्याबद्दल पण कोणी बोललं नाही.

मग एका सोमवारी शाळेतून येताना मी रस्त्याच्या ह्या बाजूला, आणि समोर रस्त्याच्या मधोमध सिटी बसचं काचेचं स्टँड. काचेमागे भाऊ. त्यांनी मला बघितलं आणि तोंड फिरवलं नाही.

मध्ये एवढा ट्रॅफिक, की ओरडून उपयोग नव्हता. आणि ओरडायची गरजही नव्हती. मी नुसते ओठ हलवले. सावकाश, पहिलीच्या पोरांना शिकवतात तसे. "माझं चुकलं. रविवारी या. तुमच्याशिवाय मजा नाही."

शेजारी एक बाई भाजी घेत होती, ती घाबरून दोन पावलं सरकली.

भाऊंनी शेवटपर्यंत वाचलं. मग त्यांनीही ओठ हलवले. चांगलं लांबलचक बोलले! तेवढ्यात बस आली आणि ते गेले.

आता आली का पंचाईत! मला काय वाचता येतं? धनश्री म्हणाली, "येतो म्हणाले असतील." काका म्हणाले, "शिवी दिली असणार. मी असतो तर दिली असती." मी आठवडाभर बाथरूमच्या आरशासमोर उभी राहून ते ओठ तसेच्या तसे हलवून बघितले. एकदा ह्यांनी बघितलं, आणि तेही लग्नातल्या पंगतीतल्या भांडणाचं विचारायला लागले!

रविवारी दहाला पाच कमी असताना दार वाजलं. भाऊ. हातात लोचोचा पुडा, शेव वेगळी. आपल्या कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसले, आणि काकांचे उघडे ओठ बघून म्हणाले, "आता बोला, काका."

काका बोलत सुटले. मला मात्र चैन पडेना. घड्याळात दहा वाजू दिले, आणि मग जाऊन भाऊंच्या अगदी समोर बसले.

"भाऊ, त्या दिवशी काचेमागून तुम्ही मला काय म्हणालात?"

"विसरलो, मॅडम."

"मी नाही विसरले. थांबा, करून दाखवते." आणि आठवडाभर पाठ केलेले ओठ मी त्यांना हलवून दाखवले. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एकही हालचाल न चुकवता.

भाऊंनी मन लावून बघितलं. "पुन्हा करा," म्हणाले. मी पुन्हा केलं. त्यांचे खांदे हलायला लागले, डोळ्यांतून पाणी आलं, इतके हसले की खुर्चीचा हात धरावा लागला. मग डोळे पुसून माझ्याकडे वाकले आणि पहिल्यांदाच अगदी हळू आवाजात म्हणाले,

"मॅडम, आत्ता तुम्ही जे बोलल्या ना, ते शाळेत कोणासमोर बोलू नका."